जमा की खर्च?

छंद बाळगणाऱ्या माणसाला आयुष्यात दोन प्रश्नांची सवय करून घ्यावी लागते. लहानपणी वडीलधारी माणसे विचारतात, "याचा उपयोग काय?" आणि मोठेपणी लहान माणसे विचारतात, "याचे किती येतील?" पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागत नाही, मान खाली घालून उभे राहिले की भागते. दुसरा प्रश्न मात्र चिवट असतो. काहीच येणार नाहीत म्हणावे, तर आपण इतकी वर्षे केले काय, असा त्यातून अर्थ निघतो. पुष्कळ येतील म्हणावे, तर मग विकत का नाही, असा पुढचा प्रश्न दारात उभाच असतो.

माझा छंद खेळाडूंची छापील चित्रे जमवण्याचा. आमच्या लहानपणी आम्ही त्यांना नुसते 'चित्र' म्हणत असू. हल्लीची मुले 'कार्ड' म्हणतात. तळहातावर मावेल एवढा पुठ्ठ्याचा तुकडा, पुढच्या बाजूला खेळाडू आणि मागच्या बाजूला त्याच्या पराक्रमाचे आकडे. एवढ्याशा तुकड्यावर माणसाने जीव का टाकावा हे ज्याला कळते त्याला सांगावे लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नसतो.

त्यातून मी राहणारा दासगावचा. कागद जपण्यासाठी याहून गैरसोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. पाठीशी डोंगर, पायाशी सावित्रीची खाडी आणि मधून मुंबई-गोवा महामार्ग, असे आमचे गाव. जूनच्या पहिल्या पावसात भिंती घाम धरतात तो दसरा आला तरी पुसत नाहीत. पापड सादळतात, काड्यापेटी पेटत नाही, आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी लव उगवते. अशा हवेत पुठ्ठ्याच्या गावसकरने सरळ उभे राहावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्याकडून दहावी-अकरावी खेळी मागण्यासारखेच आहे. तरी मी माझी चित्रे जपली. आधी चुलीवरच्या पोटमाळ्यावर, धुराच्या उबेत. आणि घरात गॅस आल्यावर पत्र्याच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून.

डब्याचा पाया घातला तो १९८७ सालच्या रिलायन्स कपाने. चार वर्षांपूर्वी, २५ जून १९८३ रोजी, कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्‌सवर वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवले होते, आणि आता तोच चषक खेळायला सारे जग आपल्या दारात आले होते. त्या काळी 'बिग फन' नावाच्या बबलगमच्या वेष्टनातून क्रिकेटपटूंची चित्रे निघत. कुणावर धावा छापलेल्या, कुणावर बळी. ते जमवून दिले की भरभर पाने उलटली असता फलंदाज फटका मारताना दिसतो, अशी छोटी पुस्तिका मिळे. गावातल्या पोरांचे जबडे त्या दिवाळीत फराळापेक्षा बबलगमनेच अधिक दुखले. ३१ ऑक्टोबरला नागपुरात चेतन शर्माने तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडवले आणि गावसकरने एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक ठोकले, तेव्हा शर्माच्या चित्राचा भाव शाळेत दुपारच्या सुट्टीपर्यंत तिप्पट झाला होता. पाच दिवसांनी वानखेडेवर ग्रॅहम गूचने झाडू मारावा तसे फटके मारून ११५ धावा केल्या आणि आपण उपांत्य फेरीतच हरलो. दुसऱ्या दिवशी तीच चित्रे गोट्यांच्या बदल्यातही कुणी घेईना. बाजार म्हणजे काय, हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकाने नव्हे, त्या आठवड्याने शिकवले.

डब्यातला दुसरा थर आमच्या शेजारच्या चाचांनी दिला. चाचा जहाजावर भांडारी होते. आमच्या गावच्या कोकणी मुसलमानांच्या किती तरी घरांतून पुरुष माणसे अशी बोटीवर आणि परदेशी कमावती. चाचा सुट्टीवर आले की सर्वांसाठी काही ना काही आणीत. माझे वेड कळल्यापासून माझ्यासाठी इंग्लंडातल्या जुन्या बाजारातून चित्रे आणू लागले. जॉन प्लेयर कंपनीच्या सिगारेटबरोबर १९३८ साली आलेली क्रिकेटपटूंची मालिका त्यांनीच मला दिली. तिच्यात ब्रॅडमन होता, हॅमंड होता. या चित्रांच्या पाठीला लिफाफ्यासारखा डिंक लावलेला असे, म्हणजे ती वहीत चिकटवता यावीत. इंग्लंडच्या हवेत ही सोय असेल. आमच्या श्रावणात त्या डिंकाने आपणहून काम सुरू केले, आणि एके दिवशी मला चार क्रिकेटपटू एकमेकांना मिठी मारून बसलेले आढळले! चाचा म्हणाले, "राहू दे तसेच. मैदानात नाही जमले त्यांना, तुझ्या डब्यात तरी एकत्र आले."

आता वाचकांपैकी कुणी म्हणेल, १९३८ सालचा ब्रॅडमन म्हणजे केवढे घबाड! तसे मुळीच नाही, आणि या छंदातला पहिला धडा हाच आहे. जुने ते महाग, हा आपला भाबडा समज. इंग्लंडात विल्स कंपनीने क्रिकेटपटूंची ५० चित्रांची मालिका १८९६ साली काढली. मुळात हा पुठ्ठा पाकिटात घालीत तो सिगारेटी चेपू नयेत म्हणून. त्यावर चित्र छापले की गिऱ्हाईक पुन्हा येते, ही अक्कल मागाहून सुचली. महायुद्धात कागदाची टंचाई होऊन ही चित्रे बंद पडेपर्यंत त्यांचा नुसता पूर वाहत होता, आणि लोकांनी ती वह्यांत चिकटवून जपूनही ठेवली. म्हणून त्या काळच्या पुष्कळशा मालिका आजही बेताच्या किमतीला मिळतात.

हे आमच्या महाडकडच्या माणसाला समजावणे सोपे आहे. रायगडावर १६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला, तेव्हापासून दोन नाणी आपल्याला माहीत आहेत : सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराई महाराजांच्या मागेही पाडली गेली, पेशवाईत चालली, इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांतून फिरली. त्यामुळे ती आजही सापडते आणि सामान्य माणसालाही घेता येते. होन मात्र दृष्टीस पडणे कठीण. दोन्हींवर नाव एकाच राजाचे. तेव्हा वय किती, हा प्रश्न दुय्यम. मागे उरली किती, आणि ती हवी असलेली माणसे किती, हा खरा प्रश्न.

उरली किती, याच्या अमेरिकेतल्या गोष्टी मोठ्या मौजेच्या आहेत. तेथे बेसबॉल या खेळाची कार्डे. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटबरोबर दिलेल्या एका मालिकेत होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचे कार्ड थोडेसे छापून थांबवावे लागले, कारण त्याने आपले चित्र वापरू दिले नाही. कुणी म्हणतात त्याला तंबाखूची जाहिरात नको होती; कुणी म्हणतात त्याला पैसे हवे होते. कारण काहीही असो, आज जगात ती पन्नास-साठच उरली आहेत, आणि त्यांतले एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला गेले. दुसरी गोष्ट याहून सुरस. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या मालिकेचा शेवटचा भाग हंगाम सरता सरता बाजारात आला आणि पडून राहिला. त्याच भागात मिकी मँटल या तरण्याबांड खेळाडूचे कार्ड होते. गोदामात जागा अडते म्हणून १९६० साली कंपनीने उरलेला माल पडावात भरून अटलांटिक समुद्रात बुडवला. त्यातून वाचलेले एक कार्ड, दहांपैकी साडेनऊ गुणांचे, २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. आपल्या हिशेबाने शंभर कोटी रुपयांच्या घरात! तोवर कुठल्याही खेळाच्या कार्डाला एवढी किंमत आली नव्हती.

या गोष्टी वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागल्या, आणि १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या बापांनी ठरवले की आपल्या आयांनी केलेली चूक आपण करायची नाही. कार्डे फेकायची नाहीत. खोकीच्या खोकी न फोडता माळ्यावर ठेवायची, म्हणजे मुलाच्या कॉलेजची सोय होईल. कंपन्यांनीही रात्रंदिवस छपाई करून त्यांच्या दूरदृष्टीला हातभार लावला. मुले मोठी झाली, खोकी उघडली, आणि पाहतात तो शेजारच्या प्रत्येक माळ्यावर तीच कार्डे, तितकीच कोरी. त्या काळच्या मालाला तेथले लोक आता सरळ रद्दी म्हणतात. यातला विनोद असा की, आधीच्या कार्डांना किंमत आली ती कुणालाच किंमत नको होती म्हणून. पोरांनी ती सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी झाडून टाकली, कंपनीने समुद्रात ढकलली, तेव्हा कुठे उरलेल्यांचे सोने झाले. सर्वांनीच सोने समजून जपले, त्याचे तांबेसुद्धा झाले नाही.

हे सारे पुराण सांगण्याचा प्रसंग माझ्यावर आला तो माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात नोकरीला आहे. चित्रांचे वेड त्याने माझ्याच डब्यातून उचलले. पण त्याची पिढी हिशेबी. कार्ड हातात घेण्याआधी तो फोनवर त्याचा भाव पाहतो. कार्डे तपासून गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. त्यांतली पीएसए १९९१ साली अमेरिकेत सुरू झाली. कोपरे, कडा, पृष्ठभाग, आणि चित्र बरोबर मधोमध छापले आहे की नाही, हे पाहून दहांपैकी गुण द्यायचे आणि कार्ड कडक प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करायचे. एका गुणाच्या फरकाने किंमत कित्येक पट बदलते. भाचा मला म्हणाला, "मामा, तुमच्या कपिलदेवला दोनच गुण मिळतील. चारही कोपरे गेलेत." मी म्हणालो, "अरे, ते कोपरे कुठे कुठे गेले, ते मला ठाऊक आहे. एक तर शाळेच्या बाकात आहे."

इथवर थट्टा होती. पण गेल्या वर्षी गणपतीला तो आला तो एक बेत घेऊन. माझी बहीण दासगावातच, डोंगराच्या बाजूला राहते. २००५ सालच्या जुलैत महाड-पोलादपूर भागात दरडी कोसळल्या, आमच्या गावातही कोसळल्या आणि माणसे गेली. २०२१ च्या जुलैत महाडात पूर चढला आणि तळिये गावावर दरड आली, तेव्हा ते सगळे पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. तेव्हापासून जुलैत पाऊस सलग दोन दिवस कोसळला की बहीण रात्रीची वळकटी घेऊन माझ्याकडे येते. पुढच्या अंगाला, सपाटीवर आमच्या वाटणीची जागा आहे; तेथे दोन खोल्या बांधायच्या म्हणून तिने पै पै करून चार लाख रुपये जमवले होते. भाच्याचे म्हणणे, बांधकाम दोन वर्षे थांबवावे. तेवढ्यात ते पैसे निवडक कार्डांत गुंतवले की दुप्पट होतील, आणि मग दोनच्या जागी चार खोल्या बांधता येतील.

त्याने आलेखही काढून आणला होता. वर जाणारी रेघ पाहिली की माणसाला आपणही वर जात आहोत असे वाटू लागते. बहिणीने तो कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "बाळा, ही रेघ छान आहे. पण डोंगर माझ्या डोक्यावर आहे, तुझ्या कार्डांच्या नाही." यावर तो थोडा ओशाळला, पण पटले असे दिसले नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, तुम्ही सांगा. तुम्ही तर जन्मभर हेच केलंत."

मी त्याला काहीच सांगितले नाही. सांगून कळत असते तर जगात कुणी सट्टा खेळले नसते. मी एवढेच म्हणालो, "तुझ्याजवळचे एक कार्ड विकून दाखव. विकायला काढल्याचे नको. पैसे हातात आल्याचे सांग."

त्याने मोठ्या उत्साहाने एक परदेशी कार्ड विक्रीला काढले. टपाल आणि सीमाशुल्क धरून ते त्याला १२,००० रुपयांना पडले होते; फोनवरचा भाव १८,००० दाखवीत होता. पहिला आठवडा गेला, कुणी विचारले नाही. दुसऱ्या आठवड्यात एकाने विचारले ते, "बदल्यात दुसरे कार्ड चालेल का?" तिसऱ्यात भाव १५,००० वर आणला. एकाने कडा कातरलेल्या तर नाहीत ना, म्हणून नऊ फोटो मागवले आणि तो नाहीसा झाला. पाचव्या आठवड्यात ते ११,५०० ला गेले. त्यातून विक्रीची दलाली १,१५० आणि नीट बांधून, विमा उतरवून पाठवण्याचे ४५०. भाच्याच्या हातात आले ९,९००.

त्याने हा हिशेब मला स्वतःहून कळवला, याचे मला कौतुक वाटले. फोनवर म्हणाला, "मामा, भाव खोटा नव्हता. फक्त तो भाव देणारा माणूस त्या महिन्यात नव्हता." मला वाटते, गुंतवणुकीवरच्या जाडजूड ग्रंथांचे सार या एका वाक्यात आले. आंबा विकायला महाडच्या बाजारात नेला, तर संध्याकाळपर्यंत कमीजास्त भावाने तो जातो, कारण आंबा खाणारे शेकड्यांनी असतात. कार्डाला मात्र ते विशिष्ट कार्डच हवे असलेला माणूस भेटावा लागतो, आणि तोही त्याच्या खिशात पैसे असतील तेव्हा. बँकेतल्या ठेवीवर व्याज तरी चढते. कार्ड डब्यात बसून नुसती ओल खाते. शिवाय खेळाडूचा एक गुडघा दुखावला की भाव उतरतो. दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपल्या आईचे छप्पर टेकवू नये, इतकेच मी त्याला शेवटी म्हणालो.

खोल्यांचे काम या वैशाखात झाले. दोनच झाल्या, पण सपाटीवर झाल्या. या पावसाळ्यात बहीण एकदाही वळकटी घेऊन आली नाही. मला रात्री पावसाच्या आवाजाने जाग येई तेव्हा क्षणभर चुकल्यासारखे वाटे, आणि मग बरे वाटे.

भाच्याने कार्डे सोडली, असे मात्र कुणी समजू नये. ती सोडावीत असे मला मुळीच वाटत नव्हते. त्याने आता पगारातून दरमहा एक ठरावीक, लहानशी रक्कम या नादासाठी बाजूला काढली आहे, नाटक-सिनेमाला काढावी तशी. त्या रकमेत तो काय हवे ते घेतो, आणि मजा अशी की, भाव पाहणे त्याने बरेच कमी केले आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला की आम्ही डबा उघडतो. तो मला प्लॅस्टिकमधली झगझगीत कार्डे दाखवतो. मी त्याला मिठी मारून बसलेले चार इंग्रज दाखवतो.

माझ्या वहीत एक खण मी बरीच वर्षे रिकामा ठेवला होता. भाचीने एकदा विचारले, "मामा, इथे कोण?" मी म्हणालो, "पळवणकर बाळू." मग तिला सांगावे लागले. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करणारा हा मुलगा; कॅप्टन ग्रेग नावाच्या साहेबाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता डावखुऱ्या फिरकीचा उस्ताद झाला. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्याने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. पण जात चांभाराची. म्हणून हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्याला कधी मिळाले नाही. पुढे १९२३ साली ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. त्यानंतर चार वर्षांनी, १९२७ च्या डिसेंबरात, डॉक्टर आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून बोटीने आले ते आमच्याच दासगाव बंदरावर उतरले. हे सगळे एकाच ओळीत येते, असे मला नेहमी वाटते. भाची ऐकत होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तो खणात पुठ्ठ्याचा एक तुकडा : पांढरे कपडे घातलेला, हात उंच केलेला एक माणूस, आणि पाठीमागे वळणदार अक्षरात '११४ बळी, १९११'. चेंडू पायापेक्षा मोठा आहे. चित्र मधोमध नाही. कोपरे कात्रीने वाकडे कापले आहेत. भाच्याने तपासून गुण दिले : एक. आणि मग म्हणाला, "पण मामा, जगात एकच आहे."

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे अजून नवी वही पुजतात. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढून मी डाव्या बाजूला 'जमा' आणि उजव्या बाजूला 'खर्च' असे लिहितो. चित्रांवर गेलेला पैसा मी नेहमी उजवीकडेच मांडत आलो आहे : फराळ, फटाके, पाहुण्यांचा चहा आणि सत्यनारायणाचा प्रसाद यांच्याच रांगेत. तेथे मांडला की कुणाकडे काही येणे राहत नाही, आणि रात्री झोप चांगली लागते. यंदा वही पुजून झाल्यावर भाच्याने ती आपल्याकडे ओढली, पेन मागून घेतले, आणि स्वतःच्या कार्डांचा आकडा लिहिला. कोणत्या बाजूला, ते मी पाहिले, बहिणीनेही पाहिले. ती उठली आणि त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढून गेली.